भंगारातून वाफेवर: जुनं ब्रिटिश इंजिन पुन्हा कसं उभं करतात

11 ऑगस्ट 1968 रोजी ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गावरची वाफेची शेवटची गाडी सोडली. त्याआधीची काही वर्षं इंजिनं रांगेने भंगारात जात होती. त्यातली बरीच आज पुन्हा धावतात, याचं मोठं श्रेय एका भंगारवाल्याकडे जातं. साउथ वेल्समधल्या बॅरी गावात डाय वुडहॅम यांच्या यार्डात ब्रिटिश रेल्वेची 297 इंजिनं आली. वुडहॅम यांनी आधी जुन्या मालवाघिणी तोडायला घेतल्या, कारण ते काम सोपं होतं आणि इंजिनं मागे ठेवता येत होती. त्या उसंतीत 213 इंजिनं वाचली. पहिलं, 43924 क्रमांकाचं मालगाडीचं इंजिन, सप्टेंबर 1968 मध्ये यॉर्कशरच्या कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वेकडे गेलं. शेवटचं जानेवारी 1990 मध्ये बाहेर पडलं. म्हणजे काही इंजिनांनी वीस-वीस वर्षं समुद्राचा खारा वारा खाल्ला होता.

असं इंजिन पुन्हा चालतं कसं करतात, ते कामाच्या क्रमाने सांगतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना एखाद्या हेरिटेज रेल्वेवर (जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या छोट्या मार्गावर) स्वयंसेवक म्हणून जायचं आहे त्यांना याचा थेट उपयोग होईल, आणि इथे मेकॅनिकल शिकणाऱ्या मुलांनाही. सगळा भर मी क्रमावर देणार आहे. रखडलेल्या बहुतेक प्रकल्पांची कहाणी सारखीच असते: डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर आधी पैसे घातले जातात, आणि बॉयलर उघडायची वेळ येते तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

आधी ठरवा: चालवायचं की जपायचं?

प्रत्येक जुनं इंजिन चालवलंच पाहिजे असं नाही. चालवायचं म्हटलं की झिजलेला भाग बदलावा लागतो, आणि बदललेल्या भागाबरोबर त्या काळच्या कारागिराच्या हाताचा पुरावाही जातो. स्टीफन्सन यांचं 1829 चं ‘रॉकेट’ संग्रहालयात आहे तसंच ठेवलं आहे. लोकांना ते धावताना कसं दिसत असेल हे दाखवायला 1979 मध्ये वेगळी प्रतिकृती बांधली गेली. हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. एकुलतं एक उरलेलं, मूळ भाग बरेच शाबूत असलेलं इंजिन असेल तर त्याला हात लावण्याआधी दहादा विचार करावा. उलट बॅरीहून आलेली बरीच इंजिनं आधीच अर्धी लुटलेली होती आणि त्यांच्या वर्गातली भावंडंही शिल्लक होती. तिथे चालतं करणं हेच खरं जतन ठरलं.

जे अजिबात उरलं नाही त्याची किंमत आपल्याला चांगली कळावी असं एक उदाहरण आहे. आपली बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हेच पुढे इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेचे सल्लागार अभियंता होते. रुळांचं अंतर तेच, अडीच फूट. 1904 मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गावर लीड्सच्या किट्सन कारखान्याची दोन इंजिनं होती, आणि एकाला तर कॅलथ्रॉप यांचंच नाव दिलेलं होतं. मार्ग 1934 मध्ये बंद झाला आणि दोन्ही इंजिनं मोडीत निघाली. आता ती पाहायची तर फोटोतच. किट्सननेच पूर्वीच्या नावाखाली 1855 मध्ये बनवलेली आपली ‘फेअरी क्वीन’ मात्र टिकली, आणि 1997 मध्ये तिला पुन्हा वाफेवर आणलं गेलं.

मालकी, छप्पर आणि पैसा

इंजिन व्यक्तीच्या नावावर न ठेवता धर्मादाय ट्रस्टच्या नावावर ठेवा. काम दहा-पंधरा वर्षं चालतं. तेवढ्यात माणसं थकतात, घरं बदलतात, वारस इंजिन विकायला निघतात. ट्रस्ट असेल तर देणग्यांवर करसवलत मिळते आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीकडे अर्जही करता येतो. पैसा उभा करण्याची सर्वांत सुंदर कल्पना ‘टोर्नाडो’वाल्यांची. हे इंजिन त्यांनी डार्लिंग्टनमध्ये कोऱ्या लोखंडातून बांधलं आणि 2008 मध्ये पूर्ण केलं. खर्च साधारण 30 लाख पौंड. लोकांकडे त्यांनी मागितलं काय, तर आठवड्याला एका ग्लास बिअरच्या किमतीएवढी नियमित वर्गणी. एखाद्या मोठ्या देणगीदारावर विसंबण्यापेक्षा हजारभर लहान वर्गणीदार बरे, कारण ते सगळे एकदम मागे फिरत नाहीत.

अंदाजपत्रकाबद्दल ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ने सगळ्यांचे डोळे उघडले. 1923 चं हे इंजिन यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने 2004 मध्ये 23 लाख पौंडांना घेतलं. 2006 मध्ये दुरुस्ती सुरू झाली. एक भाग उघडला की आतला दुसरा दोष दिसायचा, असं करत ते 2016 मध्ये रुळावर आलं आणि दुरुस्तीचा खर्च सुमारे 42 लाखांवर गेला. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध इंजिनाचं हे झालं, तर इतरांनी पहिल्या अंदाजावर कधीच विसंबू नये. पूर्ण सुटं करून, मोजून झाल्यावर जो आकडा निघेल तोच खरा धरावा.

इंजिन आणण्याआधी छप्पर बघा. उघड्यावर ताडपत्रीखाली केलेलं काम पुढच्या हिवाळ्यात निम्मं वाया जातं.

सुटं करणं

सर्वांत आधी अ‍ॅस्बेस्टॉस. बॉयलरवरच्या पत्र्याखाली उष्णता धरून ठेवायला पूर्वी हेच भरत. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर काही दशकांनी जीव घेते. परवानाधारक कंपनीने ते काढून लेखी दाखला दिल्याशिवाय एकही पत्रा खोलायचा नाही, आणि यात काटकसर अजिबात नको.

मग नोंदी. प्रत्येक भाग सोडवण्याआधी फोटो, सोडवल्यावर धातूचा टॅग, आणि वहीत तीन गोष्टी: कुठून निघाला, कोणत्या बाजूने बसला होता, स्थिती काय. कागदी चिठ्ठी तेलात भिजून लगदा होते, म्हणून पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठोकून तारेने बांधतात. वायसर आणि शिम (फट भरायच्या पातळ पट्ट्या) फेकू नका. कुठल्या बाजूला किती जाडीचा शिम होता यावरून सांगाडा किती आणि कुठे वाकला होता ते पुढे कळतं.

कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा जोर चाकाला पोचवणारा दांडा) किंवा व्हॉल्व्ह गिअरचा (सिलिंडरमध्ये वाफ कधी सोडायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेचा) दांडा वायर ब्रशने घासला की त्यावर ठोकलेले आकडे वर येतात. ते इंजिनाचे क्रमांक असतात, आणि पुष्कळदा ते तुमच्या इंजिनाचे नसतात! कारखान्यात दुरुस्तीला आलेल्या इंजिनांचे भाग सर्रास अदलाबदल होत. एका दांड्यावर दोन-तीन क्रमांक, जुन्यावर आडवी रेघ मारून पुढे नवा, असंही सापडतं. हा त्या इंजिनाचा दप्तरी इतिहास आहे. ग्राइंडर फिरवण्याआधी त्याचे ठसे घ्या.

मूळ आराखडे यॉर्कच्या संग्रहालयाच्या दप्तरात मोठ्या संख्येने आहेत आणि प्रती मागवता येतात. नट खोलायचे पाने मात्र व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे लागतील. मेट्रिक पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून वापरला की शंभर वर्षांच्या नटाचे कोपरे गेलेच समजा. गंजून धरलेला नट भेदक तेल, उष्णता आणि धीर यांनी सोडवायचा. एक नट सुटायला दोन दिवस लागले तर लागू द्या.

बॉयलर

वेळ, पैसा आणि जोखीम यांतला सर्वांत मोठा वाटा इथे जातो. पाणी तापवायचा आपला तांब्याचा बंब आठवा: मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. इंजिनाच्या बॉयलरमध्ये त्या एका नळीच्या जागी शे-दीडशे किंवा त्याहून जास्त नळ्या असतात आणि मागच्या टोकाला फायरबॉक्स नावाची मोठी भट्टी. बहुतेक ब्रिटिश इंजिनांत आतला फायरबॉक्स तांब्याचा आणि बाहेरचं कवच पोलादाचं. दोहोंच्या मध्ये पाणी. या दोन भिंती दाबाने एकमेकींपासून फाकू नयेत म्हणून त्यांना स्टे नावाच्या आट्यांच्या दांड्यांनी जोडलेलं असतं. मोठ्या इंजिनात असे हजाराहून जास्त स्टे असतात. साधारण चार-चार इंचांवर एक धरला आणि दाब चौरस इंचाला 225 पौंड घेतला, तर प्रत्येक स्टे जवळजवळ 1600 किलोचा भार पेलतो. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर, मग शेजारी तुटतात. त्यामुळे बॉयलरमध्ये ‘एवढ्याने काय होतंय’ या वृत्तीला थारा नाही.

काम असं चालतं. क्रेनने बॉयलर सांगाड्यावरून उचलून वेगळा ठेवतात. नळ्या कापून ओढून काढतात. त्या पुन्हा वापरायच्या नसतातच. मग आतून साचलेले क्षार आणि गंज उतरवतात. स्वच्छ धातू दिसल्यावर पृष्ठभागावर खडूने चौकटी आखून प्रत्येक चौकटीत अल्ट्रासॉनिक मापकाने जाडी मोजतात. फायरबॉक्सचा तांब्याचा पत्रा नवा असताना साधारण 9/16 इंच असतो. विस्तवाच्या रेषेजवळ, जिथे जळता कोळसा सतत टेकतो, तिथे तो सर्वांत जास्त झिजलेला सापडतो. फायरबॉक्सच्या दोन भिंतींना खाली जोडणाऱ्या फाउंडेशन रिंगचे कोपरे, बॉयलरच्या पिंपाचा तळ आणि स्मोकबॉक्सकडची (पुढच्या धुराच्या कप्प्याकडची) ट्यूबप्लेट, म्हणजे नळ्यांची तोंडं बसवलेला पत्रा, या जागा वैऱ्याच्या नजरेने तपासा. तळाशी गाळ साचतो आणि त्याखाली पोलादाला देवीच्या वणांसारखे खड्डे पडतात.

स्टे तपासायची जुनी पद्धत अजून चालते. एकजण फायरबॉक्समध्ये शिरतो आणि लहान हातोड्याने प्रत्येक स्टेच्या डोक्यावर ठोका देतो. शाबूत स्टे खणखणीत वाजतो आणि हातोडा उसळतो. तुटलेला बद्द वाजतो. दुसरा माणूस बाहेर नकाशावर खुणा करत जातो. नवशिक्यांना हे काम आवर्जून द्यावं, कारण शंभरेक स्टे वाजवल्यावर कान आपोआप तयार होतो.

यानंतर आणि दुरुस्तीला हात लावण्याआधी बॉयलर निरीक्षकाला बोलवा. ब्रिटनमध्ये 2000 च्या दाब-यंत्रणा सुरक्षा नियमांप्रमाणे बॉयलरची तपासणी कशी होईल याची लेखी योजना असावी लागते आणि ती सक्षम तज्ज्ञाने मंजूर करावी लागते. विमा कंपनीचा निरीक्षक बहुधा हेच काम करतो. कुठला पत्रा चालेल, कुठे तुकडा जोडायचा, कोणत्या पद्धतीने वेल्डिंग करायचं, हे आधी त्याच्याशी ठरवून घ्या. काम झाल्यावर दाखवायला गेलात आणि त्याने नाकारलं तर सगळं मुळापासून काढावं लागतं. तांब्याचं वेल्डिंग येणारे कारागीर फार थोडे आहेत आणि त्यांच्याकडे रांग असते, तेव्हा नंबर आधीच लावून ठेवा. पूर्ण नवा बॉयलर बांधणारे कारखाने तर त्याहून कमी. टोर्नाडोचा बॉयलर त्यामुळेच जर्मनीत माइनिंगेनला बनला.

दुरुस्तीनंतर नव्या पोलादी नळ्या बसतात. नळीच्या तोंडात रोलरचं हत्यार फिरवून ती फुगवतात, म्हणजे ती प्लेटला घट्ट धरते. मग पाण्याची चाचणी. बॉयलर काठोकाठ भरून, हवा पूर्ण काढून, पंपाने कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब देतात. पाणी दाबलं जात नाही, म्हणून काही फुटलंच तर वाफेसारखा स्फोट होत नाही. टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघायचा. एखाद्या रिव्हेटवर दवासारखे थेंब आले तर ते कुठून आले हे शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यानंतर वाफेची चाचणी होते, आणि तिथून बॉयलरच्या प्रमाणपत्राचं दहा वर्षांचं घड्याळ सुरू होतं. मध्ये दरवर्षी तपासणी होतेच, थंड असताना एकदा आणि वाफेवर एकदा.

सांगाडा, चाकं, सिलिंडर

बॉयलर बाहेर असताना सांगाडा मोकळा मिळतो. सिलिंडरच्या बरोबर मध्यातून मागच्या चाकापर्यंत बारीक पोलादी तार ताणून बसवतात आणि तिच्यापासून अ‍ॅक्सलबॉक्सच्या (आस धरणाऱ्या बेअरिंगच्या पेट्यांच्या) जागांची अंतरं मोजतात. आता ऑप्टिकल आणि लेझर उपकरणं आली आहेत, पण तारेने घेतलेलं माप कोणालाही समजतं आणि दुसऱ्याला पडताळता येतं. डावी-उजवी बाजू जुळली नाही तर पुढे बेअरिंग तापणार, हे आत्ताच लिहून ठेवा. भेगा शोधायला रंगद्रव आणि चुंबकीय चूर्ण वापरतात. आस आणि क्रँकपिन अल्ट्रासॉनिकने तपासतात.

चाकांचे टायर झिजलेले असतील तर लेथवर आकार देतात. जाडीच उरली नसेल तर नवे चढवावे लागतात. नवा टायर चाकाच्या व्यासापेक्षा साधारण हजारांश लहान कापतात, भोवती गॅसच्या ज्वाळा लावून फुगवतात आणि चाक त्यात उतरवतात. निवताना तो असा आवळतो की घणानेही हलत नाही. बेअरिंगमध्ये कथिल मुख्य असलेला पांढरा धातू ओततात, मग आसाला निळा रंग फासून फिरवायचं, निळे डाग लागलेले उंचवटे स्क्रेपरने खरवडायचे, पुन्हा फासायचं. कंटाळवाणं काम आहे, पण यात घाई झाली की पहिल्याच धावेत धूर निघतो.

जे गहाळ आहे ते

बॅरीतल्या इंजिनांची पितळ-तांब्याची सामग्री बहुतेक गेलेली होती. कितींचे टेंडर (इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी) वेगळे विकले गेले होते. यात सर्वांत वाईट दशा ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ची. 1954 चं हे आपल्या जातीचं एकमेव इंजिन. त्याचा एक बाहेरचा सिलिंडर संग्रहालयात कापून दाखवण्यासाठी काढून नेला होता आणि कॅप्रोटी पद्धतीचा व्हॉल्व्ह गिअरही गायब होता. जाणकारांनी हात टेकले होते. तरी 1974 मध्ये काही जिद्दी मंडळींनी ते बाहेर काढलं, सिलिंडर नव्याने ओतून घेतले आणि 1986 मध्ये वाफ धरली. या कामात कळलं की राखपेटीत हवा घेणारी दारं मूळ बांधणीतच आराखड्यापेक्षा लहान झाली होती. ब्रिटिश रेल्वेत असताना इंजिन नीट वाफ धरत नाही अशी जी ओरड होती, तिचं एक कारण तीस वर्षांनी स्वयंसेवकांच्या हाती लागलं. मूळ आराखडा हाताशी ठेवून प्रत्यक्ष भाग मोजण्याचं महत्त्व मला याहून चांगलं सांगता येणार नाही.

नवा भाग ओतायचा तर आधी लाकडी किंवा थर्मोकोलचा नमुना करतात. बिडाचं ओतीव काम निवताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा. सिलिंडरसारख्या गुंतागुंतीच्या भागाचा नमुना दुसऱ्या गटाकडे आधीच असू शकतो. विचारायला लाजू नका. नव्या भागावर वर्ष आणि तुमच्या ट्रस्टची खूण ठोका. पुढच्या पिढीला मूळ कोणतं आणि नवं कोणतं ते कळलं पाहिजे.

जोडणी आणि रंग

व्हॉल्व्ह बसवताना इंजिन पहारीने तसूतसू पुढे ढकलत वाफेची दारं कधी उघडतात ते मोजतात. कान शेवटचा निवाडा देतो: दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीला चार भसके, तीन सिलिंडरच्या इंजिनात बहुधा सहा, आणि सगळे सारख्या ताकदीचे. एखादा लंगडा पडला तर पुन्हा मोजणी.

रंगावरून जितकी भांडणं होतात तितकी बॉयलरवरून होत नाहीत. माझं मत असं: इंजिन ज्या काळातल्या भागांसह उभं आहे त्याच काळाचा रंग द्या. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ दुहेरी चिमणी आणि धूर वळवणारे पत्रे लावून 60103 या क्रमांकाने गडद हिरव्या रंगात आलं, तेव्हा 4472 या आधीच्या क्रमांकाच्या पोपटी रूपावर प्रेम करणारे नाराज झाले. पण ते भाग ब्रिटिश रेल्वेच्या काळातले होते, म्हणून तो निर्णय मला बरोबर वाटतो.

पहिला विस्तव

बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचा दोन्ही तपासा, पाणी भरणारे इंजेक्टर दोन्ही चालतात याची खात्री करा, आणि मगच काडी ओढा. सुरुवातीला थोडी लाकडं. तांबं आणि पोलाद वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, त्यामुळे घाईने तापवलेल्या बॉयलरचे स्टे आणि नळ्यांचे जोड ताणले जातात. दिवसभर नुसतं कोमट करा, रात्र जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी दाब घ्या. सेफ्टी व्हॉल्व्ह निरीक्षकासमोर ठरलेल्या दाबाला उडाले पाहिजेत. पहिल्या फेऱ्या रिकाम्या आणि हळू. दर थांब्यावर उतरून प्रत्येक अ‍ॅक्सलबॉक्सला हाताची मागची बाजू लावा. हात ठेववत नसेल तर परत फिरा.

हेरिटेज रेल्वेवर वेग सहसा ताशी 25 मैलांपर्यंत असतो, तिथे एवढं पुरतं. राष्ट्रीय मार्गावर जायचं तर सिग्नलची सूचना आणि आपोआप ब्रेक देणाऱ्या यंत्रणा, रेल्वेचा रेडिओ आणि नोंदयंत्र बसवून वेगळी मंजुरी घ्यावी लागते. ते खर्चाचं काम आहे. आधी काही वर्षं छोट्या मार्गावर चालवून इंजिन ओळखीचं करा.

पुढची देखभाल पाण्यावर अवलंबून असते. रसायन घालून पाणी अल्कधर्मी ठेवा, विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण रोज मोजा, ठरल्या दिवशी प्लग काढून बॉयलर धुवा. थंडीत इंजिन उभं राहणार असेल तर पाण्याचा थेंबन्‌थेंब काढा. गोठलेलं पाणी इंजेक्टर आणि नळ फोडतं. कोळशाचा प्रश्नही आता आहेच. वेल्समधली फोस-अ-व्रान ही खाण 2023 मध्ये बंद झाली आणि घरचा चांगला कोळसा संपला. आयात कोळसा आणि जैविक घटक मिसळलेल्या गोळ्या यांवर प्रयोग चालू आहेत. नव्या इंधनावर विस्तवाची जाडी आणि हवा वेगळी लागते, म्हणून भट्टी सांभाळणाऱ्या फायरमनला सरावाचे दिवस द्या.

आणि पहिल्या कमाईच्या फेरीपासून दर मैलामागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका. दहा वर्षांनी नळ्या पुन्हा निघणार आहेत, आणि त्या वेळी पैसे त्याच खात्यातून येतील.